झडप बदलली, आता गोळी किती आणि दाढ कधी?

पत्र (थोडक्यात): सांगोला तालुक्यातून लिहितो आहे. पत्नीचं वय ३६. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्यातून हृदयाची मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) अरुंद झाली. चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन करून मेटलची, दोन पात्यांची झडप बसवली. रक्त पातळ करायची गोळी (ॲसिनोकुमारॉल २ मिलिग्रॅम) रोज रात्री सुरू केली. पहिला आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा) २.८ आला. मग जुलाब झाले, गावातल्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल दिलं. पुढचा आयएनआर ५.२. घाबरून पाच दिवस गोळी बंद ठेवली, तर १.४. कुणीतरी सांगितलं म्हणून ४ मिलिग्रॅम केली, तर ४.३. आता ३ मिलिग्रॅम चालू आहे. शेजारी म्हणतात पालेभाजी बंद करा. दाढ किडली आहे, पुढच्या सोमवारी काढायची. दातांचे डॉक्टर म्हणाले आठवडाभर गोळी बंद करून या. मेडिकलवाला म्हणतो तपासणी न लागणारी नवी गोळी आली आहे. जनावराच्या पेशींची झडप बसवली असती तर हे सगळं टळलं असतं का? पुन्हा दिवस जायला नकोत, तर तांबी चालेल का? आणि ती म्हणते, रात्री छातीतली टिकटिक ऐकू येते, झोप लागत नाही.

उत्तर:

नमस्कार. तुमच्या प्रश्नांचा क्रम मोडून आधी दाढेचं सांगतो, कारण सोमवार जवळ आला आहे. गोळी बंद करून जाऊ नका. एका दाढेसाठी आठवडा तर नाहीच, एक दिवससुद्धा नको.

दाढेच्या खळग्यातून रक्त आलं तर ते दिसतं, बोटाने दाबता येतं, टाका घालता येतो. झडपेवर गुठळी धरली तर ती दिसत नाही. तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला की अर्धांगवायू, आणि पाती अडकली की काही तासांत जीव धोक्यात. १९९४ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला होता. मेकॅनिकल, म्हणजे तुमच्यासारखी मेटलची, झडप असलेल्या १०० माणसांत रक्त पातळ करणाऱ्या औषधाशिवाय वर्षाला साधारण चौघांना गुठळीचा मोठा झटका येतो. हीच गोळी घेतली तर एकाला. मायट्रल जागी हा धोका एऑर्टिकच्या (हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेच्या) जवळजवळ दुप्पट असतो, कारण तिथे रक्त संथ वाहतं आणि झडपेमागचा कप्पा वर्षानुवर्षं ताणून मोठा झालेला असतो. ऑपरेशननंतरचे पहिले काही महिने तर त्याहून नाजूक. तुमच्या पत्नी अजून त्याच महिन्यांत आहेत.

दातांच्या डॉक्टरांना पुढच्या गोष्टी दाखवा. दाढ काढण्याच्या आदल्या दिवशी आयएनआर करायचा. तो ३.५ पर्यंत असेल तर दाढ काढता येते. ४ च्या वर असेल तर वेळ पुढे ढकलायची. सकाळची वेळ घ्यायची, म्हणजे दिवसभरात रक्त सुरू झालंच तर दवाखाना उघडा असतो. एका वेळी एकच दाढ. खळग्यात रक्त थांबवणारा ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजचा तुकडा, वरून टाके, आणि कापसाच्या बोळ्यावर अर्धा तास घट्ट चावून बसायचं. पुढचे दोन दिवस ५ टक्के ट्रानेक्झॅमिक ॲसिडचं (तेही रक्त थांबवतं) पाणी १० मिलिलीटर, दिवसातून चार वेळा, दोन मिनिटं तोंडात धरून थुंकायचं. खळखळून गुळण्या करायच्या नाहीत, नाहीतर धरलेली गुठळी सुटते. दाढ काढण्याच्या अर्धा ते एक तास आधी ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या चार कॅप्सूल एकदम. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ॲझिथ्रोमायसिन ५००. कृत्रिम झडपेवर जंतू बसू नयेत यासाठी हा एकच डोस पुरतो.

दोन गोष्टी मात्र चिठ्ठीवरून खोडून घ्या. आपल्याकडे दाढ काढली की पाच दिवसांची ॲमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोलची जोडी सर्रास लिहितात; त्यातली मेट्रोनिडाझोल नको. आणि दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, केटोरोलॅक नको. पॅरासिटामॉल ५०० चालेल, दिवसाला चार गोळ्यांच्या आत आणि दोन-तीन दिवसच.

मेट्रोनिडाझोलवर एवढा जोर का, हे तुमच्याच आकड्यांवरून दिसतं. २ मिलिग्रॅमवर पहिला आयएनआर २.८ होता. मायट्रल जागी मेकॅनिकल झडप असेल तर आयएनआर २.५ ते ३.५ मध्ये हवा, म्हणजे ती मात्रा बरोबर बसली होती. मग दोन गोष्टी एकदम झाल्या. जुलाबात खाणं कमी झालं, शरीराला मिळणारं व्हिटॅमिन के घटलं. आणि मेट्रोनिडाझोलने यकृतात ही गोळी मोडण्याचं काम मंदावलं, म्हणून तीच २ मिलिग्रॅम जास्त मिलिग्रॅमसारखी वागली. ५.२ आला तो त्यामुळे. आयएनआर ४.५ ते १० मध्ये असेल आणि कुठेही रक्त जात नसेल, तर डॉक्टर सहसा एक किंवा दोन डोस चुकवायला सांगतात, एक-दोन दिवसांत पुन्हा तपासतात आणि कारण निघून गेलं की जवळपास जुन्याच मात्रेवर आणतात. पाच दिवस बंद ठेवणं फार झालं. ॲसिनोकुमारॉलचा असर वॉरफरिन या त्याच जातीच्या दुसऱ्या गोळीपेक्षा लवकर उतरतो. दोन-तीन दिवसांतच रक्त पुन्हा दाट होऊ लागतं. १.४ म्हणजे झडपेला जवळजवळ संरक्षणच नव्हतं. तेव्हा ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन केला असता तर त्यांनी आयएनआर चढेपर्यंत पोटावर हेपारिनची, म्हणजे रक्त लगेच पातळ करणारी, इंजेक्शनं द्यायची का, हे ठरवलं असतं. पुन्हा कधी २ च्या खाली आला तर त्याच दिवशी फोन करा.

त्यानंतर ४ मिलिग्रॅम केलं, तिथे दुसरी चूक झाली. रोजच्या गोळीकडे पाहिलं की १ मिलिग्रॅम किरकोळ वाटतो, म्हणून ही मात्रा नेहमी आठवड्याच्या बेरजेने बघायची. रोज २ म्हणजे आठवड्याला १४ मिलिग्रॅम. आयएनआर थोडा कमी-जास्त असेल तर या बेरजेत ५ ते २० टक्के फरक करतात, त्याहून जास्त नाही. म्हणजे आठवड्यात एकच दिवस ३ आणि बाकी दिवस २ घेतली तर बेरीज १५ होते, ७ टक्के वाढ. दोन दिवस ३ घेतली तर १६, साधारण १४ टक्के. रोज ४ म्हणजे २८, सरळ दुप्पट. ४.३ येणारच होता. आता रोज ३ म्हणजे २१, मूळच्या दीडपट. जुलाब आणि मेट्रोनिडाझोल दोन्ही संपलेले असताना ही मात्रा जास्त असण्याची दाट शक्यता आहे. हा हिशेब कागदावर मांडून आजच तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवा, मात्रा त्यांच्याकडून ठरवून घ्या आणि तीन-चार दिवसांत आयएनआर करा. आम्ही इथून मात्रा बदलायला सांगत नाही. ती त्यांनीच ठरवायची.

गोळी रात्री आठच्या सुमारास आणि रक्त सकाळी, हा क्रम मोडू नका. सकाळी रक्त दिलं की दुपारपर्यंत रिपोर्ट हातात येतो आणि बदल करायचा असेल तर त्याच रात्रीपासून करता येतो. डोस विसरला आणि त्याच रात्री आठवला तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवला तर सोडून द्या आणि वहीत लिहा. दोन दिवसांच्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत.

आता रक्त घेण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे होणारी चूक रिपोर्टवर कधी दिसत नाही. आयएनआरचं रक्त निळ्या बुचाच्या नळीत घेतात. त्या नळीत ३.२ टक्के सोडियम सायट्रेट आधीच भरलेलं असतं, आणि रक्त व सायट्रेट यांचं प्रमाण ९ ला १ लागतं: २.७ मिलिलीटर रक्ताला ०.३ मिलिलीटर सायट्रेट. नळीवर खूण असते. शीर नीट सापडली नाही, अर्धीच नळी भरली आणि ‘चालतंय’ म्हणून पुढे पाठवली, तर त्या थोड्या रक्ताला सायट्रेट जास्त होतं. मशीनमध्ये ते रक्त उशिरा गोठतं आणि आयएनआर खोटा वाढलेला दिसतो. तो पाहून गोळी कमी केली की खरा आयएनआर घसरतो. म्हणून रक्त घेताना शेजारी उभे राहा आणि खुणेपर्यंत भरलं का ते बघा. भरलं नसेल तर दुसरी नळी घ्यायला सांगा, संकोच करू नका.

दुसरी गोष्ट, लॅब बदलत राहू नका. १.४ पंढरपूरचा आणि ४.३ सांगोल्याचा असेल तर त्या दोन आकड्यांची तुलना जपून करायला हवी. आयएनआर थेट मोजला जात नाही, तो हिशेबाने काढतात. रुग्णाचं रक्त गोठायला लागलेली सेकंदं भागिले निरोगी माणसाची सरासरी सेकंदं, आणि त्या उत्तराचा आयएसआय नावाच्या आकड्याने घात. आयएसआय म्हणजे लॅबने तपासणीला वापरलेल्या रसायनाची संवेदनशीलता. समजा रुग्णाचे ३० सेकंद आणि निरोगी १२. भागाकार २.५. रसायनाचा आयएसआय १ असेल तर आयएनआर २.५ च राहतो. तोच आयएसआय १.३ असेल तर आयएनआर जवळजवळ ३.३ होतो. रसायनाची नवी बाटली आली आणि मशीनमध्ये जुनाच आयएसआय राहिला, की सगळ्या रुग्णांचे आकडे एकदम सरकतात. रिपोर्टवर पीटी (रुग्णाचे) सेकंद, नियंत्रण (निरोगी माणसाचे) सेकंद आणि आयएसआय तिन्ही छापणारी लॅब निवडा आणि तिथेच जात राहा. आकडा अनपेक्षित आला आणि औषध, आजारपण, खाणं यांपैकी काहीच बदललेलं नसेल, तर गोळीला हात लावण्याआधी तपासणी पुन्हा करा.

जमत असेल तर घरी बोटातून आयएनआर मोजायचं यंत्र घेण्याचा विचार करा. कोअगुचेक हे त्यातलं सगळीकडे ओळखीचं. २०१२ साली ११ चाचण्या आणि ६,४१७ रुग्णांचा एकत्रित आढावा निघाला. घरी मोजणाऱ्यांत गुठळीचे झटके साधारण निम्मे दिसले, आणि ५५ च्या आतल्या व मेकॅनिकल झडपवाल्या रुग्णांना सर्वाधिक फायदा झाला. त्याच्या पट्ट्या स्वस्त नाहीत, हे खरं. पण प्रत्येक तपासणीला एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं जात असेल तर दोन्ही खर्च शेजारी मांडून बघा. यंत्राने ४.५ च्या वर दाखवलं तर लॅबमधून खात्री करायची. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, नंतरच्या तपासण्या आणि औषधांसाठी काही पॅकेज लागू आहे का.

पालेभाजी बंद करू नका. गोळी व्हिटॅमिन के च्या विरुद्ध काम करते आणि पालक, मेथी, शेपू, अंबाडी, शेवग्याचा पाला यांत ते भरपूर असतं. १०० ग्रॅम पालकात सुमारे ४८० मायक्रोग्रॅम. पण भाजी खाल्ल्याने त्रास होत नाही. महिनाभर बंद आणि मग थंडीत मेथी स्वस्त झाली म्हणून रोज एक जुडी, या उलथापालथीने होतो. पूर्वी एक दिवसाआड एक वाटी पालेभाजी खात असाल तर तेवढीच चालू ठेवा. डॉक्टर गोळीची मात्रा त्या खाण्याला धरून बसवतील. भाजी पूर्ण तोडणाऱ्यांचा आयएनआर उलट जास्त डोलतो, कारण साठा रिकामा असतो आणि मग एका जेवणानेही आकडा हलतो. उपवासाचंही तसंच. साबुदाणा आणि भगरीत व्हिटॅमिन के नावालाच. एका एकादशीने काही बिघडत नाही, पण नवरात्राचे नऊ दिवस करायचे असतील तर आधी सांगून मध्ये एकदा तपासणी ठेवा. काढे, आयुर्वेदिक चूर्णं आणि लसणाच्या कॅप्सूल यांना मात्र स्पष्ट नाही म्हणा. त्यात काय आणि किती आहे, हे मोजता येत नाही.

गावातल्या डॉक्टरांना एक चिठ्ठी देऊन ठेवा. आयएनआर वाढवणारी औषधं: मेट्रोनिडाझोल, कोट्रायमॉक्सॅझोल, फ्लुकोनॅझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, क्लॅरिथ्रोमायसिन, अमिओडॅरोन, तोंड आल्यावर लावतात ते मायकोनॅझोलचं जेलसुद्धा. उतरवणारी: रिफाम्पिसिन, कार्बामेझेपिन, फेनिटॉइन. यातलं एखादं द्यावंच लागलं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आयएनआर करायचा आणि औषध संपल्यावर पुन्हा एकदा. दंडात किंवा कमरेत साधी इंजेक्शनं टाळायची, स्नायूत रक्त साकळतं.

मेडिकलवाल्याच्या नव्या गोळीबद्दल: नको, कितीही सोयीची वाटली तरी नको. डॅबिगॅट्रान ही गोळी मेकॅनिकल झडपेच्या २५२ रुग्णांवर वॉरफरिनशी तुलना करून पाहिली गेली. चाचणी अर्ध्यात थांबवावी लागली. २०१३ मध्ये निकाल छापून आला, त्यात डॅबिगॅट्रानवाल्यांपैकी ५ टक्क्यांना पक्षाघात झाला होता, वॉरफरिनवाल्यांत एकालाही नाही. रक्तस्रावही जास्त. पुढे ॲपिक्साबान एऑर्टिक जागी एका विशिष्ट झडपेच्या ८६३ रुग्णांवर तपासलं. तीही चाचणी २०२२ मध्ये गुठळ्यांमुळे थांबवली. कृत्रिम पृष्ठभागाला रक्त लागलं की गोठण्याची साखळी सुरुवातीपासूनच पेटते. नव्या गोळ्या त्या साखळीतली एकच कडी अडवतात. तुमची जुनी गोळी यकृतात तयार होणाऱ्या चार घटकांचं उत्पादन कमी करते, म्हणून ती पुरी पडते. नव्या गोळ्या इतर अनेक आजारांत चांगल्या आहेत. मेकॅनिकल झडपेवर नाहीत.

जनावराच्या पेशींची झडप बसवली असती तर, हा प्रश्न तुम्ही मूळ पत्रात दोनदा विचारला आहे, म्हणून ठामपणे सांगतो: तुमचा निर्णय चुकला नव्हता. अशी झडप गाईच्या हृदयावरणाची किंवा डुकराच्या झडपेची असते आणि तिला सहसा तीन ते सहा महिनेच गोळी पुरते. पण तरुण शरीरात तिच्यावर कॅल्शियम लवकर साठतं, आणि मायट्रल जागी ती एऑर्टिकपेक्षा लवकर निकामी होते. ३६ व्या वर्षी बसवली असती तर आयुष्यात पुन्हा एकदा, कदाचित दोनदा छाती उघडावी लागली असती, आणि दुसऱ्या ऑपरेशनचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो. कॅलिफोर्नियातल्या रुग्णांचा मोठा अभ्यास २०१७ मध्ये आला. मायट्रल झडप बदललेल्या ४० ते ४९ वयाच्या लोकांत १५ वर्षांत दगावण्याचं प्रमाण पेशींच्या झडपेत ४४.१ टक्के आणि मेकॅनिकलमध्ये २७.१ टक्के होतं. मायट्रल जागी मेकॅनिकलचा हा फायदा ७० वर्षांपर्यंत टिकला, एऑर्टिक जागी मात्र ५५ पर्यंतच. एक गोष्ट लपवत नाही: ते रुग्ण जिथे आयएनआर सहज होतो तिथले होते. ज्या घरात महिनोन् महिने तपासणी होणं शक्यच नाही, तिथे तरुण वयातही पेशींची झडप निवडणारे शल्यचिकित्सक आहेत, आणि त्यांचं चूक नाही. तुम्ही चार महिन्यांत चार आकडे तारखेसह लिहून ठेवले आहेत. तुमच्या घरात हे जमेल.

तांबीबद्दल. ही गोळी चालू असताना दिवस गेले तर सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या हाडांवर आणि नाकाच्या घडणीवर परिणाम होऊ शकतो, आणि गोळी बदलली तर झडपेला धोका. मेकॅनिकल झडप असलेल्या २१२ गर्भवतींच्या आंतरराष्ट्रीय नोंदीत, कुठलाही गंभीर प्रसंग न येता जिवंत बाळ हाती आलं ते ५८ टक्क्यांच्याच. तेव्हा नको हा विचार पक्का असेल तर उपायही पक्का हवा. इस्ट्रोजेनच्या गोळ्या नकोत, त्या गुठळी वाढवतात. साध्या तांबीने पाळीत रक्त जास्त जातं, आणि या गोळीवर आधीच जास्त जातं, हिमोग्लोबिन उतरतं. हार्मोनची तांबी त्यापेक्षा बरी. पण आमचं स्पष्ट मत असं की तुम्ही स्वतः नसबंदी करून घ्यावी. बिनटाक्याची असते, पंधरा-वीस मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी येता. पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्यतपासणी करून खात्री करायची. पत्नीच्या अंगावर आणखी एक सुरी कशाला?

ताप दोन दिवसांपेक्षा जास्त टिकला आणि सर्दी-खोकल्यासारखं कारण दिसत नसेल, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चरचे (रक्तातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचे) तीन नमुने वेगवेगळ्या जागांवरून घ्यायला सांगा. आधी अँटिबायोटिक दिलं की जंतू नमुन्यात उगवत नाही आणि झडपेवरचा संसर्ग आठवडेच्या आठवडे ओळखू येत नाही. लहानपणी दर २१ दिवसांनी पेनिसिलिन चालू होतं का, हेही डॉक्टरांना सांगा. एक झडप बदलली तरी संधिवाताचा ताप बाकीच्या झडपांना पुन्हा धरू शकतो; ते संरक्षण किमान ४० वर्षांपर्यंत चालू ठेवतात. इंजेक्शन की पेनिसिलिनच्या गोळ्या, हे रक्त पातळ करायची गोळी आणि आयएनआर बघून तेच ठरवतील.

राहिली टिकटिक. मेटलची म्हणतो खरी, पण त्या झडपेची पाती पायरोलिटिक कार्बनची असतात, आणि ती मिटताना कड्यावर आपटतात तो हा आवाज. डाव्या कुशीवर जास्त येतो. उजव्या कुशीवर झोपायला सांगा, छातीशी उशी धरायला सांगा, पंखा चालू ठेवा. बहुतेकांना काही महिन्यांत तो ऐकूच येईनासा होतो. तुम्ही मात्र रोज एकदा लक्ष देऊन ऐका आणि तो कसा कोरडा, स्पष्ट आहे ते ओळखून ठेवा. तो दबका झाला, एखादा ठोका गाळू लागला किंवा थांबलाच, सोबत दम लागला, आडवं झोपवेना, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा हातापायातली ताकद गेली, तर सकाळची वाट पाहू नका. पाती अडकली का ते एक्स-रेखाली हलत्या चित्रात दोन मिनिटांत दिसतं, म्हणून जवळच्या साध्या दवाखान्यात न थांबता कॅथलॅब आणि हृदयशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात जा. गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेजसारखं औषध द्यायचं की पुन्हा ऑपरेशन, हे तिथे ठरतं. झडपेचं कार्ड आणि आयएनआरची वही सोबत घ्या, शेवटची गोळी किती वाजता घेतली ते वहीवर लिहा. आणि निघताना त्यांना काही खायला देऊ नका. घशातून करायचा इको असो की ऑपरेशन, दोन्हीला पोट रिकामं लागतं.